पोटाला हात लावू नये

हे सांगायचं मी चौदा वर्षं टाळलं. टाळणं सोपं होतं, कारण विचारणारं कुणी नव्हतं.

तुमच्या पेपरच्या या सदरातले भुताखेतांचे अनुभव माझी पत्नी सकाळच्या चहाबरोबर मोठ्यानं वाचायची आणि मी पेपरमागून प्रत्येकाला एकेक कारण चिकटवायचो. याची झोप अपुरी. त्याला ताप. हिला सासू. ती म्हणायची, "तुम्हाला भूत दिसलं तर तुम्ही आधी त्याचं बीपी घ्याल." ते खरंच होतं. तेव्हाही आणि आजही माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही... म्हणजे, नसायला हवा. पत्नी तीन वर्षांपूर्वी गेली. तिलाही हे सांगायचं राहून गेलं.

मी सर्जन आहे. वय शहात्तर. नाशकात शरणपूर रोडच्या मागच्या बाजूला एका वीस खाटांच्या हॉस्पिटलात पस्तीस वर्षं काम केलं. अपेंडिक्स, हर्निया आणि हायवेवरचे अपघात. मार लागलेली पोटं मी शेकड्यांनी पाहिली, त्यामुळे पोट मला कळतं असा माझा समज होता.

विलास आमच्याकडे आला तो दुपारी बारा-साडेबाराला. वय तीसच्या आत. चांदवडच्या अलीकडचं गाव. सकाळी लासलगावच्या बाजूला कांद्याच्या एका खळ्यावर तो ट्रॉलीचा फाळका, म्हणजे मागची फळी, उघडत उभा होता आणि मागून दुसरा ट्रॅक्टर रिव्हर्स आला. फाळका आणि ट्रॅक्टर यांच्यामध्ये तो पोटावर दाबला गेला. फार वेळ नाही, माणसं ओरडेपर्यंत. नंतर म्हणे स्वतःच्या पायांनी चालत बाजूला गेला आणि पाणी प्यायला.

आमच्याकडे आला तेव्हाही शुद्धीत, बोलता. नाडी शहाण्णव, बीपी एकशे दहा-सत्तर. बेंबीच्या वर पट्ट्यासारखा आडवा, निळसर वळ. पोट मी एकदा दाबून पाहिलं. त्याला दुखलं, पोट ताठ झालं, म्हणून जोर दिला नाही. सोनोग्राफी स्वच्छ. एक्स-रेमध्ये कंबरेच्या एका मणक्याला बारीक चीर.

"साहेब," तो म्हणाला, "एवढी वर्षं कांद्यानं रडवलं नाय, ट्रॉलीनं रडवलं."

इथे थोडं वैद्यकीय सांगावं लागेल. सोनोग्राफीला पोटाच्या पोकळीत सांडलेलं रक्त दिसतं. पण आपल्या शरीरातली सर्वांत मोठी रक्तवाहिनी, एओर्टा, त्या पोकळीत नसते. ती आतड्यांच्या मागे, मणक्याला चिकटून खाली उतरते. तिच्या भिंतीला आतून चीर गेली, तर रक्त पोकळीत येत नाही. बाजूच्या ऊतींत अडतं, फुग्यासारखं साठत राहतं. तास, दिवस, कधी आठवडे. माणूस बोलतो, जेवतो. असा मार आणि मणक्याला चीर, एवढं एकत्र दिसलं तर रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन करायचाच असतो. हे मला तेव्हाही माहीत होतं. सीटीसाठी ॲम्ब्युलन्सनं दुसरीकडे न्यावं लागत होतं. रुग्ण स्थिर होता. मी म्हणालो, उद्या करू.

तिसऱ्या प्रहरी त्याची आई आली. ठकूबाई. साठीची, काटक, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. उजव्या हाताची करंगळी विळ्यानं कापून वाकडी बसलेली, बाकीच्या बोटांपासून फटकून राहायची. तिच्या मागे सून सविता, कडेवर आठ महिन्यांची मुलगी.

ठकूबाई आसपासच्या पाच गावांत बेंबी बसवायच्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जड उचललं, पोटात दुखायला लागलं, की बेंबी सरकली असं म्हणतात. मग बेंबी बसवणारी बाई पोटावर हात ठेवून ठोका शोधते. ठोका बेंबीच्या बरोबर खाली लागला तर ठीक. बाजूला लागला तर तेल लावून तो जागेवर आणते. आम्ही डॉक्टर यावर हसतो. तो ठोका एओर्टाचा असतो आणि एओर्टा काही सरकत नाही. पण आम्ही हसतो तेव्हा एक विसरतो, की त्या बाईनं आयुष्यभर हजारो पोटांवर बोटं ठेवून तोच एक ठोका तपासलेला असतो. आमच्यातल्या कुणीही तपासला नसेल इतका.

मी वॉर्डात शिरलो तेव्हा ठकूबाईंचा तळवा विलासच्या बेंबीवर आडवा ठेवलेला होता. हात हलत नव्हता. डोळे मिटलेले.

"आजी, हात काढा."

"डाक्टर, ठोका फाकलाय."

"काय?"

"एका बोटावर लागाया पायजे. ह्यो तीन बोटांवर लागतो. अन् मधी सुरसुर करतो."

त्याआधीच्या दोन वर्षांत असं चोळून चोळून बिघडवलेली दोन पोटं मी उघडली होती. माझं डोकं तापलं. "चोळाचोळी चालायची नाही इथं."

"चोळत नाय मी. तेल बी नाय. नुसता ठेवलाय." त्यांनी हात उचलून मला दाखवला, कोरडा. "तुमी ठेवून बघा की. हितं, डावीकडं."

विलास पडल्या पडल्या म्हणाला, "आई, तू त्यांला शिकवाया लागली तर उद्या ते बी बेंबी बसवाया बसतील." सविता तोंडाला पदर लावून हसली. सिस्टर कुंदा हसली. मीही हसलो आणि वातावरण निवळलं. त्या हसण्यात ठेवून बघायचं राहून गेलं.

निघताना मी केसपेपरवर ऑर्डर लिहिली: पोटाला कोणीही हात लावू नये. खाली सही. कुंदानं तेच लाल मार्करनं पुठ्ठ्यावर लिहून खाटेच्या डोक्याशी अडकवलं. मला म्हणायचं होतं, नातेवाइकांनी लावू नये.

अशा रुग्णाचं पोट दर काही तासांनी तपासायचं असतं. तोच तर उपचार असतो निम्मा. दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडला मी आरएमओला, वॉर्डातल्या ज्युनिअर डॉक्टरला, विचारलं, "पोट?" तो म्हणाला, "सॉफ्ट आहे, सर." विलास इडली खात होता. तेवढ्यात मला फोन आला. सीटी मी आणखी एक दिवस पुढे ढकलला. त्या पुठ्ठ्यावर सर्जनची ऑर्डर होती, म्हणून ना सिस्टरनी हात लावला, ना आरएमओनं. "सॉफ्ट" हे त्यानं लांबून, इडली खाणाऱ्या माणसाकडे पाहून ठरवलं होतं. मी त्याला दोष देत नाही. मीही लांबूनच पाहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी चारला विलासला साधा खोकला आला. "पाठ फुटली," एवढं तो म्हणाला. मी खालीच होतो, दोन मिनिटांत वर पोचलो. बीपी लागत नव्हतं.

पोट उघडलं. आतडी उजवीकडे उचलल्यावर मागे, मधोमध, मोठा काळा-जांभळा फुगवटा. तो थेट उघडायचा नसतो. आधी वर, छातीच्या पडद्यापाशी एओर्टा दाबून धरायची, मग खाली, मग मधे जायचं. तसंच केलं. वरचा क्लॅम्प बसला. चीर दिसली, मूत्रपिंडांच्या फाट्यांखाली, डाव्या बाजूला, माझ्या अंगठ्याच्या नखाएवढी. पण तोवर रक्ताच्या चार पिशव्या चढवूनही शरीरात काही उरलं नव्हतं. हृदय दोनदा चालू झालं. तिसऱ्यांदा झालं नाही.

चीर डावीकडे होती. ठकूबाईंनी दाखवलं होतं तिथे.

बाहेर दोघी बाकावर बसल्या होत्या. सविता उठली. "असं कसं? जेवताना तर बोलले माझ्याशी."

आणि मी म्हणालो, "पोट कुणी चोळलं होतं का?"

एवढंच. खोटं बोललो नाही, प्रश्न विचारला. शिकलेली माणसं अशीच खोटं बोलतात. सवितानं मान वळवून सासूकडे पाहिलं. ठकूबाईंनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं, मग तो पदराखाली घेतला.

केबिनमध्ये जाऊन मी केसपेपरवर एक ओळ वाढवली. नातेवाइकांकडून पोट चोळल्याचा इतिहास. पोलिसांनी ती वाचली. गावात ती पोचायला दोन दिवसही लागले नसतील. माझ्याकडे कुणी बोट दाखवलं नाही.

आता ज्यासाठी या सदराकडे आलो ते.

यानंतर सहा वर्षांनी, मार्च महिन्यात, दुपारी एक वाजता, ओपीडी जवळजवळ संपलेली. चाळिशीच्या एक शिक्षिका आल्या. चार दिवसांपूर्वी दिंडोरी रोडवर स्कूटी घसरली होती आणि हँडलचं टोक पोटात बसलं होतं. स्वतः चालत आल्या. "मिस्टरांनी पाठवलं म्हणून आले, नाहीतर पेपर तपासायचेत," म्हणाल्या. नाडी, बीपी उत्तम. बेंबीशेजारी पुसट होत आलेला डाग. दुसऱ्या गावच्या डॉक्टरनं केलेली सोनोग्राफी स्वच्छ. मी त्यांना दुखण्याची गोळी देऊन घरी पाठवणार होतो. कुंदा शेजारी उभी होती. नियम म्हणून मी पोटावर हात ठेवला.

आणि तो मला उचलता येईना.

माझ्या हातावर दुसऱ्या हाताचं वजन होतं. थंडगार वगैरे काही नाही. साधा, कोमट, खरबरीत तळव्याचा हात. मी खाली पाहिलं तर माझ्या हातावर काही नव्हतं. त्या वजनानं माझा तळवा आडवा केला. पोट असं तपासायला मला कुणी शिकवलेलं नव्हतं, मी तसा कधी हात ठेवत नसे. मग तो दोन बोटं डावीकडे सरकवला आणि थांबला. जोर नाही, चोळणं नाही. नुसता ठेवलेला.

मला ठोका लागला. एका बोटावर लागायला हवा होता. तीन बोटांवर लागत होता. मधे बारीक सुरसुर.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग वजन निघून गेलं. मी हात मागे घेतला तेव्हा कुंदा म्हणाली, "सर, हाताला काय झालं?"

माझ्या हाताच्या मागच्या बाजूवर बोटांचे चार पांढरे ठसे होते. कातडी बराच वेळ दाबून धरली की रक्त हटून जसे पडतात तसे. माझ्या बोटांपेक्षा बारीक. तीन एकमेकांना लागून, चौथा बाहेरच्या बाजूला, फटकून. आम्ही दोघं पाहत असताना ते हळूहळू गुलाबी झाले आणि मिटले.

"कुणी धरला होता का हात?" कुंदा म्हणाली. मग तीच म्हणाली, "कोण धरणार..." बाई खाटेवरून आमच्याकडे आळीपाळीनं पाहत होत्या.

मी त्याच तासाला सीटीला पाठवलं. एओर्टाच्या डाव्या भिंतीला चीर, बाजूला रक्ताचा फुगा. दुसऱ्या हॉस्पिटलात जांघेतून नळी घालून आत स्टेंट बसवला. त्या बाई आज ठणठणीत आहेत.

मी माझ्या परीनं कारणं शोधली. हाताच्या नसा तपासून घेतल्या, सगळं नॉर्मल. मनात सहा वर्षं दडलेलं काही बाहेर आलं म्हणावं, तर ते मी मान्य करीनही. पण मनातलं कातडीवर ठसे कसे उमटवेल? आणि ते कुंदाला कसे दिसतील? कुंदा अजून आहे, नाशकातच आहे. तिनं जे पाहिलं त्यात ती एक शब्द बदलत नाही.

पुढच्या रविवारी मी ठकूबाईंच्या गावी गेलो. मनात होतं, त्या गेल्या असतील. गेलेलं माणूस मदतीला आलं, असं काहीतरी असेल. पण त्या ओट्यावर बसून लसूण सोलत होत्या. डाव्या हातानं.

त्यांनी मला लगेच ओळखलं. सवितानं चहा टाकला. सहा-सात वर्षांची मुलगी अंगणात सायकलचा टायर पळवत होती.

"डाक्टर," ठकूबाई म्हणाल्या, "एक इच्यारू? त्यो माझ्या हातानं गेला ना?"

मी अंगणातल्या मुलीकडे पाहिलं.

"म्या चोळलं नव्हतं, असं मलाच वाटतं. पण तुमी लिवलंय म्हंजी जोर पडला असंल. आईच्या हाताला कळत नाय कधी कधी." त्या सोलत राहिल्या. "त्या दिसापून कुनाच्या अंगाला हात लावला नाय. नातीला एक दिस बी अंघूळ घातली नाय. सून नको म्हन्ती. बरोबर हाय तिचं."

सविता चहाचे कप घेऊन दारात उभी होती. ऐकत होती. मी एक वाक्य बोलायचं होतं. ते बोलायलाच मी तिथवर गाडी चालवत गेलो होतो. तोंड उघडलं आणि मला माझं नाव दिसलं, केसपेपर दिसला, पोलीस दिसले, हॉस्पिटलची पाटी दिसली. मी म्हणालो, "जाऊ द्या आजी. झालं ते झालं. तुम्ही मुद्दाम थोडंच केलं?"

ठकूबाईंनी मान हलवली. सवितानं कप माझ्यासमोर ठेवला आणि मुलीला हाक मारून घरात घेतलं.

पहिल्यांदा मी प्रश्न विचारून त्यांना दोषी ठरवलं होतं. त्या दिवशी क्षमा करून ठरवलं.

त्यानंतर मी निवृत्त झालो. पत्नी गेली. गेल्या वर्षी एक पत्र लिहिलं. पोस्टानं पाठवलं तर वाचून दाखवायला सविताच बसणार, म्हणून स्वतः न्यायचं ठरवलं. मग आज जाऊ, उद्या जाऊ. गेल्या महिन्यात गेलो. ओट्यावर कुणी नव्हतं. सविता बाहेर आली, केस पांढरे व्हायला लागलेले.

"आत्याबाई श्रावणात गेल्या," ती म्हणाली.

मी तिथेच ओट्यावर बसलो आणि तिला सगळं सांगितलं. पुठ्ठा, इडली, चीर कुठं होती ते, मी वाढवलेली ओळ. शिक्षिकाबाईंचं आणि ठशांचंही सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही.

"दुपारी खळ्यात एकट्या बसायच्या," ती म्हणाली. "उजवा हात जमिनीवर आडवा ठेवून, डोळे मिटून. म्या इच्यारलं एकदा, काय करता? म्हन्ल्या, ठोका बघते. मला वाटलं, डोकं फिरलं म्हातारीचं."

मग म्हणाली, "पोरगी न्हाती-धुती झाली, डाक्टर. चौदा वर्सं म्या त्यांला तिच्या अंगाला हात लावू दिला नाय. लेकरू तापानं फणफणलं तरी नाय. हे आता म्या कुठं ठेवू?"

मी खिशातून पत्र काढून तिच्यापुढे धरलं. तिनं पाकिटावर पाहिलं. "ह्याच्यावर नाव त्यांचं हाय. मी कशी घेऊ?"

तो हात कुणाचा होता, जिवंत बाईचा हात पन्नास-साठ किलोमीटरवरून कसा आला, मला माहीत नाही. कारण सापडेल असं आता वाटतही नाही. पण ती ऑर्डर माझी होती, केसपेपरवरची ओळ माझी होती आणि ती खोटी होती. हे छापून यावं, त्या गावात वाचलं जावं, एवढ्यासाठी लिहिलं. पत्र माझ्याकडेच आहे. ते असं:

ठकूबाई, विलास तुमच्या हातानं गेला नाही. तुम्ही पोट चोळलं नव्हतं आणि हे मला त्या दिवशीही माहीत होतं. तुम्हाला जे कळलं ते मला कळलं नाही, आणि ते कबूल करायला लागू नये म्हणून मी तुमचं नाव पुढे केलं. मागच्या वेळी तुमच्या दारात बसून हे सांगायला हवं होतं. सूनबाई ऐकत होत्या, म्हणून तर सांगायलाच हवं होतं. आज त्यांच्यासमोर सांगतो. मला माफ करा.